वापसा थांबत नाही: भूकंपग्रस्त शेतकऱ्याच्या मदतीला नागपूरहून निघताना

किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 ला, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना. आदल्या रात्री गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते, हे बहुतेकांना आठवतं. शेतीतल्या माणसाला ती तारीख आणखी एका कारणानं टोचते. मराठवाड्यात रब्बी ज्वारी पेरायची ती साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान. म्हणजे घरं पडली ती ऐन पेरणीत. बियाणं ढिगाऱ्याखाली, बैल मेलेले नाहीतर पळालेले, पेरणारे हात दवाखान्यात, आणि शेतात मात्र वापसा आलेला, म्हणजे पेरणीजोगी ओल धरलेली.

शहरातल्या माणसाचं घर पडलं तर घर पडतं. शेतकऱ्याच्या घरासोबत त्याचं गोदाम, गोठा, अवजारांची खोली आणि कागदपत्रांची पेटीही पडते. शेत मात्र जागेवर असतं. तो हंगाम हातून गेला की पुढचं वर्षभर तो मदतीच्या रांगेत राहतो, आणि हंगाम साधला तर चार महिन्यांत रांगेतून बाहेर पडू शकतो. मदतीला जायचं ते हा हिशेब डोक्यात ठेवून.

नागपूरला याच्याशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. आपला भाग कमी धोक्याचा मानला जातो, खरं आहे. किल्लारीही त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होती. जबलपूरला 22 मे 1997 ला भूकंप झाला, ते आपल्यापासून रेल्वेनं एका रात्रीच्या आत. 4 डिसेंबर 2024 च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूजवळ जमीन हलली तेव्हा गडचिरोली, चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत लोक घराबाहेर आले होते. शिवाय नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कृषी महाविद्यालय आहे, कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्था आहेत, कळमन्याचा बाजार आहे. इतकी शेतीची जाण असलेल्या शहरातून जुने कपडे पाठवले जावेत हे शोभत नाही.

निघण्याआधी: पहिले तीन दिवस फोनवरच

ढिगाऱ्यातून माणसं काढणं हे प्रशिक्षित जवानांचं काम. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी नागपुरातच आहे, त्यामुळे ते काम काय असतं हे इथल्या लोकांना सांगायला नको. आपण तिसऱ्याच दिवशी गाड्या घेऊन पोचलो तर रस्ता अडवण्यापलीकडे काही करत नाही. हे तीन दिवस फोनवर घालवा. त्या जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077 वर असतो; नागपूरहून लावताना आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावा. तिथून तालुक्याचे आणि गावाचे नंबर मिळवा आणि सरपंच, कृषी सहायक आणि एखादा दूध संकलन करणारा, अशा तिघांशी बोला. दूधवाल्याला मुद्दाम विचारायचं, कारण कुणाच्या दारात किती ढोरं होती आणि आज किती उरली हे त्याला तोंडपाठ असतं.

विचारायचं काय? शेतात आज काय उभं आहे, काढणीला किती दिवस आहेत, पुढची पेरणी कधी. गावात बैलजोड्या किती, ट्रॅक्टर किती चालू. पिण्याचं पाणी कुठून येतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, दुसरं कुणी आधीच गाव धरलंय का. मोठ्या रस्त्यावरच्या गावात दहा संस्था आणि आतल्या वाडीत एकही नाही, हे प्रत्येक आपत्तीत होतं. आपण एकच गाव धरायचं, शक्यतो रस्त्यापासून लांबचं, आणि वर्षभर सोडायचं नाही.

बोलताना शब्दांचा घोळ होतो तोही लक्षात असू द्या. आपण ज्याला कुटार म्हणतो त्याला तिकडे भुसकट म्हणतात, आपला धुरा तिकडे बांध होतो, आपली बंडी म्हणजे बैलगाडी. एकदा आमच्या मदत गटातल्या पोरानं फोनवर "कुटार पाहिजे का" विचारलं. पलीकडून "नको" आलं, आणि दोन दिवसांनी कळलं की गावात चाऱ्याची बोंब आहे.

हंगामाची तारीख आधी, यादी नंतर

मदतीची यादी करण्याआधी कॅलेंडर मांडा. भूकंप मे महिन्यात झाला असेल तर खरीपाची पेरणी तीन आठवड्यांवर आहे: बियाणं, बैल आणि धुरे यांना पहिला मान. सप्टेंबरअखेर असेल तर सोयाबीन कापणीला आलेलं आणि रब्बीची पेरणी, दोन्ही एकाच वेळी अंगावर. तेव्हा मजूर ही सर्वांत मोठी गरज. फेब्रुवारी-मार्च असेल तर तूर, हरभरा काढून ठेवायला कोरडी जागा आणि ताडपत्री.

आपल्याच काटोल-नरखेडला असं काही झालं तर? आंबिया बहाराच्या संत्र्याला ताण तोडून, म्हणजे मुद्दाम बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करायचे दिवस जानेवारीच्या आसपासचे. त्या पंधरा दिवसांत विहिरीवरची मोटर बंद पडली तर अख्खा बहार जातो. तिथे कपडे आणि ब्लँकेटच्या आधी इलेक्ट्रिशियन न्यावा लागेल. गावाच्या पिकावरून मदत ठरते ती अशी.

ढोरं: पहिल्या आठवड्याचं मुख्य काम

माणसांची मोजदाद सरकार करतं. ढोरांची बहुतेक वेळा कुणी करत नाही, आणि शेतकरी स्वतः ती बोलून दाखवत नाही, कारण घरात माणूस गेलेला असताना म्हशीचं दुःख सांगायची लाज वाटते. म्हणून आपणच विचारायचं.

जनावरांसाठीची 1962 ही हेल्पलाइन आधी लावा. डॉक्टर सोबत असल्याशिवाय इंजेक्शन, सलाईन कुणी हातात घेऊ नये. मात्र काही गोष्टी कुणालाही करता येतात. ढिगाऱ्यातून निघालेल्या जनावराला पाणी थोडं थोडं, वरचेवर द्या. दोन-तीन दिवस उपाशी असलेल्या ढोरासमोर दयेपोटी पोतंभर ज्वारी ओतू नका; रिकाम्या पोटी धान्य भरलं तर अपचनानं ते मरतं. आधी कडबा, मग हळूहळू खुराक. दुभत्या गाई-म्हशींची धार काढली गेली नसेल तर सड दुखून कासदाह होतो. तेव्हा दूध विकलं जावो न जावो, धार रोज काढली गेली पाहिजे. गावातली एक-दोन माणसं हेच काम करत फिरली तरी पुष्कळ.

सैरावैरा पळालेल्या जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचा बारा आकडी क्रमांक लिहून घ्या. मालक सापडतो. मेलेल्या जनावराचंही तसंच: पुरण्याआधी बिल्ल्यासह फोटो आणि पंचनामा. पंचनाम्याशिवाय पुरलेली म्हैस सरकारी कागदावर कधी नव्हतीच, असं होतं. खड्डा खोल, विहीर आणि नाल्यापासून लांब, वर चुना.

आता चारा. मोठ्या जनावराला जगण्यापुरता दिवसाला सहा किलो सुका चारा धरला तर शंभर जनावरांना सहाशे किलो. कडबा, कुटार हा फुगीर माल, ट्रकमध्ये पाच टन बसला तरी खूप. म्हणजे एक ट्रक आठ दिवस. नागपूरहून ट्रकमागून ट्रक पाठवण्यापेक्षा पहिला ट्रक इथून न्यावा आणि पुढचा चारा शेजारच्या न पडलेल्या तालुक्यातून विकत घ्यावा. पैसा त्याच भागात राहतो, भाडं वाचतं.

चारा निकृष्ट असेल तर युरिया प्रक्रिया करता येते. शंभर किलो कुटारासाठी चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, थर देत शिंपडायचा, दाबून ताडपत्रीनं हवाबंद झाकायचा आणि एकवीस दिवसांनी उघडायचा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा देत नाहीत. युरियाचं पाणी उघडं ठेवू नका, ढोर प्यायलं तर जागेवर मरतं. गडबडीच्या छावणीत हे करण्यापेक्षा एक जबाबदार माणूस नेमून शाळेच्या आवारात करा.

घटसर्प आणि फऱ्याच्या लसी कधी दिल्या होत्या ते पशुधन पर्यवेक्षकाला विचारा. छावणीत जनावरं एकत्र येतात तेव्हा रोगही एकत्र येतात.

आणि व्यापारी. चौथ्या-पाचव्या दिवशी रिकामे टेम्पो घेऊन ते गावात दिसू लागतात. चारा नाही, गोठा नाही, हातात पैसा नाही, अशा वेळी चांगली जोडी निम्म्या किमतीत जाते आणि पेरणीला तीच जोडी दुप्पट भावानं भाड्यानं आणावी लागते. देवणी, लाल कंधारीसारखी जातिवंत जनावरं एकदा गेली की परत मिळत नाहीत. चारा छावणीचा खरा उपयोग हाच, की विक्री महिनाभर पुढे ढकलली जाते.

ढिगारा उपसताना: बियाणं, विष आणि पेव

मराठवाड्यातली जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड धाबं. ती पडली की आत हवा राहत नाही. आणि मागून येणारे धक्के आठवडे, कधी महिने चालतात. म्हणून उभ्या राहिलेल्या अर्ध्या भिंतीखाली बियाण्याच्या पोत्यासाठी कुणालाही जाऊ देऊ नका. आधी भिंत बाहेरून सब्बलीनं पाडायची, मग उपसा.

उपसताना सर्वांत आधी औषधांच्या बाटल्या शोधा. फवारणीची कीटकनाशकं बहुतेक घरांत धान्याजवळच ठेवलेली असतात, आणि फुटलेली बाटली ज्वारीत मिसळली की ते धान्य माणसालाही नको, ढोरालाही नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपण विदर्भवाल्यांनी पाहिलंय. हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि वास आलेलं पोतं बाजूला. वाचवायचा मोह होतो, पण ते पुरूनच टाकायचं.

जमिनीखालचं पेव असेल तर झाकण काढून लगेच उतरू नका. बंद धान्याच्या पेवात प्राणवायू कमी आणि विषारी वायू जास्त असतो. पेव उघडून बराच वेळ वारा खेळू द्या, पंखा मिळाला तर लावा, पेटता कंदील दोरीनं खाली सोडा. तो मंदावला तर उतरणं नाहीच. मंदावला नाही तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच.

निघालेलं बियाणं पेरण्याजोगं आहे का, हे घरीच तपासता येतं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याभरात मोड आलेले मोजायचे. सत्तरहून अधिक उगवले तर पेरा. थोडे कमी असतील तर बियाण्याचं प्रमाण वाढवा. फारच कमी असतील तर ते खाण्यासाठी. सोयाबीनची ही चाचणी चुकवू नका: त्याचं साल पातळ असतं, पोत्यावर दगड पडले की दाणा वरून धड दिसतो आणि उगवत नाही.

बियाणं बाहेरून द्यायची वेळ आली तर हिशेब पाहा. रब्बी ज्वारीला एकरी चार किलो बियाणं लागतं. एक टन ज्वारी म्हणजे अडीचशे एकर, आणि एक टन माल साध्या पिकअपमध्ये जातो. हरभऱ्याला एकरी पंचवीस-तीस किलो धरलं तर तेवढ्याच गाडीत चाळीस एकरांच्या आसपास. म्हणजे ज्वारीच्या गावाला मदत करणं किती स्वस्त आहे, बघा. फक्त वाण तिथल्या कृषी सहायकाला विचारून घ्या. मालदांडी हा ज्वारीचा वाण पेरणाऱ्या रानात आपण इथून वेगळं काही नेलं तर कडबाही हातचा जातो, आणि तिकडे दाण्याइतकीच कडब्याची किंमत असते.

विहीर, मोटर, पाइप

भूकंपानंतर विहिरीचं पाणी वर-खाली होतं, गढूळ येतं. कधी आटल्यासारखं वाटून काही दिवसांत परत येतं. म्हणून पाणी गेलं म्हणून लगेच नवी बोअर मारायला पैसे देऊ नका. थांबा, रोज दोरीनं पातळी मोजून वहीत लिहा. बांधीव विहिरीच्या कडेला चिरा असतील तर आत उतरायचं नाही आणि कडेवर ट्रॅक्टर न्यायचा नाही.

वीज जोडायची घाई करू नका. डीपी आणि तारा महावितरणच्या लाइनमननं पाहिल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही. मोटर चालू झाली की जमिनीखालची पाइपलाइन तपासा: शेवटचं तोंड बंद करून पंप थोडा वेळ चालवा, जिथे रान ओलं होईल तिथे सांधा निखळलाय. नागपूरहून जाताना एखादा पाइप फिटर, सोल्युशनचे डबे आणि त्या भागात चालणाऱ्या मापांचे कपलर न्या. एका दिवसात तो पंधरा शेतं चालू करतो.

पिण्याच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची ती मोजून, हजार लिटरला अडीच ग्रॅम. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे एकोणसाठ हजार लिटर, म्हणजे दीडशे ग्रॅम पावडर. बादलीत कालवून, निवळ पाणी विहिरीत सोडा आणि तासभर कुणाला उपसू देऊ नका. पाणी गढूळ असेल तर आधी उपसा, नाहीतर पावडर वाया.

जमिनीच्या भेगांबद्दल फार लिहीत नाही. मातीनं बुजवा, पण फुटलेले धुरे दोन्ही शेजाऱ्यांना उभं करूनच नीट करा. धुऱ्याचं भांडण भूकंपापेक्षा जास्त वर्षं चालतं.

कागद: नागपुरात बसूनही करता येणारं काम

गटातल्या सगळ्यांना जाता येत नाही. ज्यांना जाता येत नाही त्यांनी हे करावं. सातबारा आणि आठ-अ आता डिजिटल सहीचे मिळतात, पंधरा रुपयांत, आणि ते कायदेशीर चालतात. गावातून गट नंबरची यादी मागवा आणि धरमपेठेतल्या घरात बसून सगळ्या गावाचे उतारे काढून प्रत्येकाच्या नावाची फाइल तयार करा. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद झालेली असेल तर तीही जोडा. शेतात काय उभं होतं याचा तो पुरावा.

घरातला कर्ता गेला असेल तर मृत्यू दाखला आणि वारस नोंद ही दोन कामं सोबत सुरू करा. वारस नोंद होईपर्यंत कर्ज, अनुदान सगळं अडतं. त्यात विधवेचं आणि मुलींचं नाव लागलं का, हे आपल्या माणसानं स्वतः वाचून पाहावं. "नंतर लावू" म्हणणारे दीर-भासरे सगळीकडे असतात.

नुकसानीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मिळून करतात. ते येण्याआधी शेतकऱ्याकडे स्वतःची यादी आणि फोटो तयार हवेत. 2022 ते 2026 साठीच्या केंद्राच्या निकषांत मृताच्या वारसांना 4 लाख, दुभत्या गाई-म्हशीला 37,500, ओढकामाच्या बैलाला 32,000, शेळी-मेंढीला 4,000 रुपये होते. जनावरांच्या संख्येला मर्यादा असते आणि राज्य सरकार कधी वाढीव रक्कम जाहीर करतं, तेव्हा चालू आदेश तहसीलमध्ये पाहून घ्या.

या सगळ्यात ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही तो सुटतो. बटईनं करणारा, सालगडी, माहेरी येऊन राहिलेली बाई. शेतमालकाला पिकाचे पैसे मिळतात आणि घाम गाळणाऱ्याला काही नाही. गटानं जमवलेला रोख पैसा आधी या लोकांना द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी मदतीवर आपली मदत चढवण्यात काही हशील नाही.

हात: इर्जिक लावा

पैसे देऊनही त्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, कारण सगळेच ढिगारा उपसतायत. एका शेतकऱ्याच्या रानात सगळ्यांनी आपापली जोडी घेऊन उतरायचं, ही इर्जिकेची जुनी पद्धत अशा वेळी चालते. क्रम गावानं ठरवावा. घरात माणूस गेलेल्यांची पेरणी पहिली, हे कुणी सांगावं लागत नाही. आपण डिझेल, जेवण आणि दोन भाड्याचे ट्रॅक्टर पेरणी यंत्रासकट द्यायचे, बस. नागपूरची पोरं पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, धरायला गेली तर सऱ्या वाकड्या होतात. त्यांनी पाणी आणि भाकरी पोचवावी.

घराचा प्रश्न येईल तेव्हा गोठ्याचं बोला

किल्लारीनंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घराचं क्षेत्र जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना साडेचारशे, मोठ्यांना साडेसातशे. घरं मजबूत झाली, पण चौकटीत आखलेल्या कॉलनीत बैल कुठे बांधायचा आणि कडब्याची गंजी कुठे रचायची, हे कितीकांना कळेना. काहींचं शेत लांब पडलं. नव्या जागेची चर्चा सुरू होईल त्या ग्रामसभेत आपल्या गटानं तीन प्रश्न लिहून न्यावेत: शेत किती अंतरावर, गोठ्याला जागा किती, जनावरांचं पाणी कुठे. जुन्याच जागी घर नीट करायचं असेल तर धाब्यावरची माती कमी करणं, भिंतीत आरपार दगड घालणं आणि दाराच्या वर सगळ्या भिंतींभोवती सलग पट्टा घेणं, एवढी तीन कामं गवंड्याला शिकवली तरी बरंच साधतं.

दुसरी फेरी

पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी परत जा. तोवर उगवण दिसते आणि कुठे नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, पडल्यात ते कळतं. नांग्या भरायच्या त्याच दिवसांत, उशीर झाला की मागची रोपं पुढच्यांच्या सावलीत राहतात. त्यासाठी बियाणं लागतं आणि तोपर्यंत सगळं वाटून झालेलं असतं. तेव्हा पहिल्या खेपेलाच दहा किलोंमागे एक किलो बाजूला काढा, उंदीर पोचणार नाही अशा पत्र्याच्या डब्यात भरा, डब्यावर वाणाचं नाव आणि तारीख लिहा आणि किल्ली अशा बाईकडे द्या जिचं स्वतःचं शेत पेरून झालंय.